वाईन पर्यटनाचा पाया द्राक्षबागेतच हवा

नाशिक शहर मागे टाकून गंगापूर-सावरगाव रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर वायनऱ्यांच्या, म्हणजे वाईन बनवणाऱ्या कारखान्यांच्या, पाट्या दिसू लागतात आणि शनिवार-रविवारी त्या पाट्यांच्या आसपास मुंबई, ठाणे, पुण्याच्या गाड्यांची गर्दी झालेली असते. सुला विनयार्ड्सची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि २००५ साली त्यांनी वायनरीच्या आवारातच टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखण्याची जागा, सुरू केली. तेव्हापासून या भागात एक नवे पर्यटन रुजत गेले. आज यॉर्क आणि सोमा या वायनऱ्या याच परिसरात आहेत, इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने आहेत, दिंडोरीत शांदों आहे. नाशिकपासून दूर, सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्लीनेही आपल्या बागा पाहुण्यांसाठी खुल्या केल्या आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यामुळे मुंबईकरांसाठी हा प्रवास आणखी सोपा झाला आहे आणि पुढील काही वर्षांत गर्दी वाढणार हे उघड आहे. ती वाढण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावणे गरजेचे वाटते: हे पर्यटन शेतीचे आहे की फक्त मद्यपानाचे? माझे म्हणणे असे आहे की या व्यवसायाला सरकारने ज्या सवलती दिल्या त्या शेतीच्या नावाने दिल्या, म्हणून त्याचे पर्यटनही द्राक्षबागेशी कायद्याने आणि व्यवहाराने बांधलेले असले पाहिजे. आज ते बागेपासून सुटत चालले आहे.

महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले, वायनरीचा परवाना मिळवणे सोपे झाले. पुढे प्रोत्साहन योजनेखाली मूल्यवर्धित कराच्या २० टक्क्यांपैकी १६ टक्के रक्कम उत्पादकाला परत देण्याची सोय झाली. देशी दारू, व्हिस्की, रम यांच्याकडून भरघोस महसूल वसूल करणारे सरकार वाईनच्या बाबतीत हात आखडता घेते, याचे कारण एकच सांगितले गेले आणि ते म्हणजे द्राक्ष उत्पादक शेतकरी. हे कारण मला मान्य आहे. पण ते मान्य करायचे तर त्या सवलतीचा शेतकऱ्याला किती आणि कसा उपयोग होतो, हे विचारण्याचा अधिकारही कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे, मग तो वाईन पिणारा असो वा नसो.

आज बहुतेक ठिकाणी पाहुण्याला जी फेरी घडवली जाते ती साधारण अशी असते. द्राक्षे चिरडण्याचे यंत्र आणि स्टेनलेस स्टीलच्या उंच टाक्या दाखवल्या जातात, ओकच्या पिंपांच्या थंड खोलीत दोन मिनिटे उभे केले जाते, आणि मग टेस्टिंगच्या टेबलावर पाच-सहा वाईन एकामागून एक ओतल्या जातात. द्राक्षाची बाग त्या फेरीत असते, पण ती गच्चीवरून दिसणारा देखावा म्हणून किंवा छायाचित्रामागची हिरवळ म्हणून. पावसाळ्यात येणारे पाहुणे मांडवाखाली डोकावतात, एकही घड दिसत नाही म्हणून हिरमुसतात आणि परत लॉनवर जाऊन बसतात. त्यांना कोणी सांगत नाही की त्या वेळी वेल बांधली जात असते आणि तिच्या काडीत पुढच्या हंगामाचे घड डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या सूक्ष्म रूपात तयार होत असतात.

ही गोष्ट सांगण्यासारखी नक्कीच आहे, कारण वेलीचे हे वेळापत्रक जगातल्या बहुतेक नामांकित वाईन प्रदेशांत असे नसते. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जाते, तिची वर्षातून एकदा छाटणी होते आणि वसंतात ती जागी होते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच पडत नाही, म्हणून आपल्या बागायतदाराने तिला वर्षातून दोनदा छाटण्याची रीत बसवली आहे. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी असते आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी छाटणी फळासाठी असते. गोडी छाटणीच्या दिवसांत बाग पाहिली तर पानांचा मांडव गेलेला असतो, तारांवर नुसत्या तपकिरी काड्या उरलेल्या असतात आणि मजूर हातमोजे घालून प्रत्येक काडीच्या निवडक डोळ्यांवर पेस्ट लावत असतात. हायड्रोजन सायनामाइडची ही पेस्ट लावल्याने डोळे एकाच वेळी आणि एकसारखे फुटतात. नाही तर एका काडीवर फुलोरा आणि शेजारच्या काडीवर नुसता पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, अशी अवस्था होऊन पुढची सगळी कामे विस्कटतात. हे रसायन हाताळणाऱ्याने त्या काळात दारू घेतली तर अंगावर तीव्र परिणाम होतात, म्हणून ज्या मजुरांच्या हातून वाईनच्या हंगामाची सुरुवात होते त्यांना त्या दिवसांत मद्याचा थेंबही वर्ज्य असतो. पेस्ट लावल्यावर काही दिवसांतच डोळे फुगतात, पोंगा दिसतो, आणि तिथून बागायतदाराची झोप उडते. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर डावणी हा बुरशीचा रोग आणि घडांची कूज, थंडीत भुरी ही दुसरी बुरशी, मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे ते मऊ होऊ लागण्याच्या, वेळी गारपीट, अशी भीती जानेवारीपर्यंत पाठ सोडत नाही.

आता कल्पना करा की ऑक्टोबरात आलेल्या पाहुण्याला त्या उघड्या काड्यांमधून बागायतदाराने स्वतः फिरवले, डिसेंबरात मण्यांत पाणी कसे उतरते ते दाखवले, फेब्रुवारीत भल्या पहाटे तोडणीला उभे केले आणि साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक मणी चिरडून साखर २२ किंवा २४ ब्रिक्सला, म्हणजे साधारण तितक्या टक्क्यांना, आल्याचे वाचायला लावले. त्यानंतर त्याच बागेतल्या शेनिन ब्लाँ किंवा शिराझ जातीच्या द्राक्षांच्या वाईनचा एक घोट त्याच्या जिभेवर पडला, तर तो घोट त्याच्या आयुष्यभर लक्षात राहील. वाईन चाखणे म्हणजे खरे तर जमीन, हवामान आणि माणसाचे कष्ट यांची चव ओळखायला शिकणे. बाग न दाखवता दिलेली टेस्टिंग ही त्या शिक्षणाची शेवटची पाच मिनिटे तेवढी देते.

बागायतदाराला या साखळीत मधोमध आणण्यामागे भावनेपेक्षा मोठे कारण आहे. नाशिक जिल्ह्यातली बहुसंख्य द्राक्षे खाण्यासाठी पिकतात. थॉमसन, सोनाका किंवा शरद सीडलेस लावणाऱ्या शेतकऱ्यापुढे काही वाटा असतात: माल चांगला निघाला तर निर्यात, नाही तर देशातला बाजार, तोही कोसळला तर बेदाणा. वाईनसाठी सोव्हिन्यों ब्लाँ किंवा काबेर्ने सोव्हिन्यों लावणाऱ्याला यातली एकही वाट नसते. या जातींचे मणी बारीक, बियांचे आणि जाड सालीचे असतात. त्यांना बाजार समितीत कोणी विचारत नाही आणि त्यांचा बेदाणाही करता येत नाही. चांगली वाईन व्हावी म्हणून एकरी उत्पादनही मुद्दाम कमी ठेवावे लागते. म्हणजे वायनरी हा त्या शेतकऱ्याचा एकमेव ग्राहक असतो, आणि एकाच ग्राहकावर अवलंबून असलेला विक्रेता किती असहाय असतो हे नाशिकने २००८-०९ मध्ये पाहिले आहे. जागतिक मंदी आणि मुंबईवरील २६ नोव्हेंबरचा हल्ला यांच्या पाठोपाठ पर्यटक आटले, हॉटेलांची मागणी घसरली, टाक्यांमध्ये जुनी वाईन तुंबून राहिली आणि नव्या द्राक्षांना उठाव उरला नाही. कितीतरी लहान वायनऱ्या बंद पडल्या, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि काही वर्षांची मेहनत असलेल्या वेली कुऱ्हाडीने तोडून तिथे पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली गेली. वाईन उद्योगाची यशोगाथा सांगताना हा अध्याय बहुधा गाळला जातो. माझ्या मते वाईन पर्यटनाचे धोरण ठरवताना तोच सगळ्यात आधी वाचला पाहिजे.

पर्यटन या असहायतेवर काही प्रमाणात उतारा ठरू शकते, आणि म्हणूनच मी त्याच्या बाजूचा आहे. वायनरीच्या दारात विकल्या गेलेल्या बाटलीवर वितरकाचा आणि दुकानदाराचा नफा चढत नाही. मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या फळ्यांवर जागा मिळवण्याची ऐपत नसलेली लहान वायनरी निव्वळ येणाऱ्या पाहुण्यांच्या जोरावर तग धरू शकते. गावात लहान वायनऱ्या टिकल्या तर शेतकऱ्याला एकाच्या ऐवजी तीन-चार ग्राहक मिळतात आणि भावाची घासाघीस करताना त्याची बाजू सावरते. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशच्या शेतकऱ्यांनी १९७१ साली एकत्र येऊन वाईन रूट आखला तो याच हिशेबाने: पाहुणा एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जावा आणि प्रत्येकाच्या दारात थोडी खरेदी करावी. आपल्याकडे मात्र पाहुणा एका मोठ्या आवारात शिरतो, तिथेच जेवतो, तिथेच राहतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. शेजारच्या गावाचे नावही त्याच्या कानावर पडत नाही.

या सगळ्याविरुद्ध दारूबंदीच्या चळवळीचा जो आक्षेप आहे, त्याला बगल देऊन पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या राज्यात बायकांनी रणरणत्या उन्हात रांगा लावून आडवी बाटली मतदान केले आणि गावातली दुकाने बंद पाडली, त्या राज्यात मद्याच्या प्रसाराबद्दल साशंक असणाऱ्यांना मागासलेले ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच, असा युक्तिवाद काही नेत्यांनी केला. तो चुकीचा होता. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते, ती नशा आणते आणि ती रोज, बेसुमार घेणाऱ्याचे यकृत तिला ओळखून वेगळी वागणूक देत नाही. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही, हे मला योग्यच वाटते. डाळ-तांदळाच्या शेजारी बाटली ठेवल्याने शेतकऱ्याचे किती भले झाले असते हे सांगणे कठीण आहे. घराघरात बाटली सहज पोहोचली असती हे मात्र नक्की. वायनरीतली विक्री याहून निराळी आहे. तिथे माणूस ठरवून जातो, अंतर तोडून जातो, पैसे मोजून आणि माहिती घेऊन थोडीशी चाखतो. मद्याशी समाजाचे नाते असायचेच असेल तर ते असे सावध आणि जाणते असावे. म्हणून सुपरमार्केटची परवानगी नको आणि वायनरीच्या दाराशी विक्रीला मात्र पाठबळ हवे, अशी माझी भूमिका आहे. त्यात मला कोणताही विरोध दिसत नाही.

अर्थात सावधपणाचा दावा करायचा तर तो टेबलावर दिसला पाहिजे. टेस्टिंगची रीत जगभर एकच आहे: आधी हलकी पांढरी वाईन, मग जड, मग रोझे आणि लाल, ग्लास दांड्याला धरायचा, पांढऱ्या कागदापुढे रंग पाहायचा, फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडभर घोळवायचा आणि थुंकायचा. व्यवसायाने वाईन चाखणारी माणसे घोट गिळत नाहीत, कारण गिळले तर चौथ्या ग्लासनंतर चव कळेनाशी होते. आपल्याकडे थुंकण्यासाठीचे भांडे टेबलावर असले तरी ते रिकामेच परत जाते, कारण पैसे दिलेली वाईन थुंकणे पाहुण्याला वाया घालवल्यासारखे वाटते आणि त्याला कोणी समजावत नाही. आता हिशेब पाहा. ३० मिलिलिटरचे सहा नमुने म्हणजे १८० मिलिलिटर वाईन, आणि १३ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. सडपातळ बांध्याच्या माणसाने रिकाम्या पोटी हे सहा नमुने गिळले तर तो ही मर्यादा ओलांडू शकतो, आणि तेही पूर्ण ग्लास मागवण्याआधी. समोर कसारा घाट आहे. असे असताना नाशिक रोड स्थानकावरून सगळ्या वायनऱ्यांना जोडणारी, ठरलेल्या वेळेला धावणारी बससेवा नसणे ही माझ्या दृष्टीने या पर्यटनातली सगळ्यात गंभीर उणीव आहे. गंगापूर धरणाजवळ पर्यटन महामंडळाने ग्रेप पार्क रिसॉर्ट बांधले. त्याच महामंडळाने एसटीच्या मदतीने अशी फेरी सुरू केली आणि तिचा खर्च टेस्टिंगच्या तिकिटातून वसूल केला, तर कोणत्याही वायनरीचे दिवाळे निघणार नाही.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. कॅलिफोर्नियातील नापा परगण्याने १९६८ साली, म्हणजे तिथली वाईन जगात गाजण्याच्या आधी, खोऱ्यातली शेतजमीन शेतीसाठीच राखीव करणारा कायदा केला. किमान क्षेत्राची अट घालून जमिनीचे तुकडे पाडून घरे बांधण्याला त्यांनी आळा घातला. पुढे १९९० साली त्यांनी नवीन वायनरीसाठी निदान ७५ टक्के द्राक्षे नापातलीच असावीत आणि पाहुण्यांनी आधी वेळ ठरवून यावे, असे नियम केले. वायनरी म्हणजे शेतमालावर प्रक्रिया करणारी जागा, समारंभाचे सभागृह नव्हे, ही त्यामागची भूमिका होती. तिथेही या नियमांवरून भांडणे झाली आणि अजून होतात, कारण लग्नसमारंभ आणि मेजवान्यांतला पैसा द्राक्षांतल्या पैशापेक्षा लवकर हाती येतो. पण ते खोरे आज द्राक्षांचे उरले आहे ते त्या कायद्यामुळे. गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बंगल्यांच्या आणि 'विनयार्ड व्ह्यू' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॉटांच्या जाहिराती पाहिल्या की आपण उलट्या दिशेने चाललो आहोत असे वाटते. बागेशेजारी राहण्याला भाव आला की बागेपेक्षा प्लॉट महाग होतो, शेतकऱ्याची पुढची पिढी बिगरशेतीचा अर्ज भरते, आणि ज्या दृश्यासाठी माणसे आली तेच दृश्य त्यांच्या येण्याने संपते. शिवाय हे धरण नाशिक शहराला पिण्याचे पाणी पुरवते. ठिबकवर वाढणारी द्राक्षबाग आणि तरणतलाव असलेले रिसॉर्ट यांची पाण्याची गरज एकाच मापाने मोजता येत नाही.

व्यावसायिकांचे यावर उत्तर ठरलेले असते: पाहुण्याला शेतीचे व्याख्यान नको असते, त्याला सुट्टी हवी असते. ते काही अंशी खरे आहे. पण नुसती सुट्टी विकायची तर लोणावळा, कर्जत, अलिबाग यांच्याशी स्पर्धा आहे आणि तिथे पोहोचायला मुंबईकराला वेळही कमी लागतो. नाशिककडे जे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ते म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेल्या द्राक्षबागा आणि त्या पिकवणारी माणसे. आणखी एक गोष्ट या व्यवसायाने लक्षात घेतलेली दिसत नाही. मराठी कुटुंब सहलीला निघते तेव्हा त्यात आजी-आजोबा असतात, मुले असतात, न पिणाऱ्या बायका-पुरुष असतात. आजच्या फेरीत त्यांच्या वाट्याला थांबून राहण्याखेरीज काही येत नाही. बागेतली फेरी, ताजी द्राक्षे, रस, बेदाणा, छाटणी किंवा तोडणीत हातभार लावण्याची संधी हे सारे त्यांच्यासाठीही आहे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्याला आपले केंद्र नोंदवता येते. वाईनची द्राक्षे पिकवणाऱ्या बागायतदारांना वायनरीशी जोडून अशी केंद्रे काढायला प्रोत्साहन दिले तर पाहुण्याच्या खर्चातला काही वाटा थेट शेतावर पोहोचेल.

म्हणून वायनऱ्यांना कराचा परतावा देणारी योजना जेव्हा जेव्हा नव्याने मंजूर होते, तेव्हा तिच्यात काही अटी लिहून घेतल्या पाहिजेत. परतावा मागणाऱ्या वायनरीने शेतकऱ्याशी अनेक वर्षांचा लेखी करार केलेला असावा, त्यात किमान भाव आणि पैसे देण्याची मुदत असावी, आणि थकबाकी असेल त्या वर्षी परतावा थांबावा. आपल्या टेस्टिंग रूममध्ये विकल्या जाणाऱ्या वाईनचा मोठा हिस्सा परिसरातल्या द्राक्षांचा असल्याचे तिने दाखवावे आणि बाटलीवर निदान गावाचे नाव छापावे. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालेलेच आहे. पण एवढ्या मोठ्या खोऱ्याच्या नावाखाली दिंडोरीची काळी जमीन आणि इगतपुरीकडचा जोरदार पाऊस यांतला फरक झाकला जातो, आणि पाहुण्याला शिकवण्यासारखे जे आहे ते नेमके त्या फरकात आहे. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून हंगामात येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांसाठी बागेजवळ राहण्याची, पाण्याची आणि शौचालयाची सोय असणे हीसुद्धा या परताव्याची अट व्हायला हवी. पाहुण्यांसाठी लाखो रुपयांची लॉन राखणाऱ्या आवारांना ती जड जाणार नाही. या अटी घातल्या तर काही गुंतवणूकदार पाठ फिरवतील, हे मला दिसते. जे पाठ फिरवतील त्यांना द्राक्षांत रस नव्हता, आणि शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलत त्यांच्याकडे जाण्याचे कारणही नव्हते.